मांड्या भरून येण्याआधी: गुलमर्गच्या बर्फात सहा दिवस पुरवायचे कसे

पन्हाळा ते पावनखिंड मोहीम करून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी घराचा जिना उतरताना बघा. चढताना तो तसा ठीक असतो. उतरताना मात्र कठडा घट्ट धरतो, पाय आडवे टाकत एकेक पायरी खाली येतो आणि तोंडातून ‘आई गं’ निघतं. विचारलं तर म्हणतो, अंग आंबलंय. चढणीनं दम लागतो, पण मांड्या आंबतात त्या उतरणीनं. डोंगर चालणाऱ्या प्रत्येक कोल्हापूरकराला हे अनुभवानं माहीत आहे. स्कीइंगच्या सहलीत ताकद कशी पुरवायची, विश्रांती कधी घ्यायची, हे सगळं याच एका गोष्टीतून उलगडतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमधले सात जण गुलमर्गला स्की शिकायला गेलो. सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरलेली माणसं. सगळ्यांचा समज एकच: चढायचं तर नाही, घसरायचंच आहे, त्यात कसली आलीय मेहनत? तिसऱ्या दिवशी सकाळी सातातले चार जण पलंगावरून उठताना हातानं पाय उचलून खाली ठेवत होते. सहा दिवसांचे पैसे भरले होते, प्रत्यक्ष हाती लागले जेमतेम साडेतीन. गेल्या फेब्रुवारीत त्यातलेच पाच जण पुन्हा गेलो आणि सहाही दिवस बर्फात होतो. आमची ताकद वाढली होती असं नाही. ती खर्च कशी होते हे या वेळी कळलं होतं.

आता थोडं स्नायूंविषयी. विहिरीतून भरलेली घागर वर ओढताना दंडाचा स्नायू आखडत जातो. तीच घागर सावकाश, हिसका न बसू देता खाली सोडायची असेल, तर तो स्नायू ताणही धरतो आणि त्याच वेळी लांबही होत जातो. या दुसऱ्या प्रकारात दम फारसा लागत नाही, म्हणून तो हलका वाटतो. पण ताणाखाली लांब होताना स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि ती दुरुस्त होताना दोन-तीन दिवस दुखतं. दुखणं लगेच नसतं, चोवीस तासांनंतर चढत जातं. ‘आंबणं’ हा शब्द ऐकून वाटतं की आत काही आंबट साठलं असेल, आणि लॅक्टिक ॲसिडचं नावही लोक याच दुखण्याला जोडतात. ते ॲसिड तर श्रम थांबल्यावर तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दुखतं ते या बारीक इजेमुळे.

स्कीइंग म्हणजे दिवसभर घागर खाली सोडणं. उसानं भरलेली ट्रॉली घाट उतरताना इंजिनाला काम नसतं, तापतात ते ब्रेक. उतारावर खाली ओढायला गुरुत्वाकर्षण आहेच, आपल्या मांड्यांनी फक्त वेग आवरायचा असतो. प्रत्येक वळणाला गुडघ्यात वाकून, बाहेरच्या पायावर भार घेऊन मांडी तो जोर झेलते. तोही धावण्यासारखा आखड-सैल, आखड-सैल असा नाही, तर बराच वेळ एकसारखा आवळून धरलेला. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही. म्हणून चार-पाच वळणांतच मांड्या पेटतात, आणि थांबलं की मिनिटा-दोन मिनिटांत ती आग विझते. ही आग आणि दुसऱ्या दिवशीचं आंबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आग विझली म्हणजे पाय ताजे झाले असं समजून लोक पुढची फेरी मारत राहतात, आणि खरी गफलत तिथंच होते.

उंचीचा हिशेबही बघू. कोल्हापूरच्या सपाटीवरून पन्हाळा साधारण ४०० मीटर उंच आहे. गुलमर्ग आहे सुमारे २६५० मीटरवर, आणि तिथल्या गोंडोल्याचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगाला जवळपास ३९५० मीटरपर्यंत नेतो. वरून खालपर्यंत एक फेरी म्हणजे तीन पन्हाळे उतरल्यासारखं झालं. नवशिक्यानं तिकडं जायचंच नसतं. तो भाग तयार स्कीअरसाठी आहे, हिमस्खलनाचा धोकाही तिथं जास्त. पण पहिल्या टप्प्यावरून, कोंगदूरीहून उतरलात तरी एक पन्हाळा होतोच. सकाळी तीन फेऱ्या, दुपारी तीन, असा हिशेब केला की दिवसाला सहा पन्हाळे! नुसत्या उतरणी.

गंमत अशी की नवशिक्याचे पाय कसलेल्या माणसापेक्षा जास्त थकतात. कसलेला माणूस अंग उंच ठेवतो, नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकवतो, आणि भार बराचसा हाडांवर जातो. नवशिका घाबरून मागे बसतो, न दिसणाऱ्या खुर्चीत बसल्यासारखा. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसून बघा, मिनिटभरात मांड्या थरथरायला लागतील. शिवाय पहिले दोन दिवस सगळा खेळ स्नोप्लाऊचा, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि मागचा भाग फाकवून वेग आवरण्याचा. त्यात पाय सतत बाहेर रेटावे लागतात. त्यात शिकाऊ उतारावर लिफ्ट बंद असली किंवा रांग मोठी असली, तर जड बूट आणि स्की घेऊन बाजूबाजूनं पाय टाकत स्वतःच वर चढायचं. पडल्यावर उठण्याची मेहनत वेगळीच. पहिल्या दिवशी पडून उठण्यातच माझी निम्मी ताकद गेली असेल.

आमचे इन्स्ट्रक्टर काश्मिरी होते, पन्नाशीचे. पहिल्याच थांब्याला ते म्हणाले, ‘बक्कल खोलो.’ आम्हाला वाटलं बुटात काही अडकलं असेल. त्यांनी स्वतः वाकून आपल्या बुटाचे वरचे दोन बक्कल खटाखट उघडले, टाचेवर मागे झुलले, पोटऱ्या हलवल्या आणि चहावाल्याकडे बघत उभे राहिले. दिवसभर प्रत्येक थांब्याला त्यांनी हेच केलं. चाळीस सेकंदांचं काम. स्कीचा बूट प्लास्टिकच्या शिकंजासारखा असतो. तो आवळून ठेवला की पावलाकडे रक्त कमी जातं, बोटं गार पडतात आणि पोटऱ्यांत गोळे येतात. लिफ्टच्या रांगेत, चहाला, फोटो काढताना बक्कल सैल करायचे, आणि उतरायच्या आधी पुन्हा लावायचे. त्यांची दुसरी सूचना श्वासाची. भीतीनं आपण वळणात श्वास रोखून धरतो. प्रत्येक वळणाला मोठ्यानं ‘हूऽऽ’ करत श्वास सोडायला त्यांनी लावलं. आधी लाज वाटली, पण दुसऱ्या फेरीपासून मांड्यांतली आग कमी झाल्याचं स्पष्ट कळलं.

आता इंधन. मांड्यांना अशा कामासाठी मुख्यतः साखर लागते. ती ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत साठलेली असते, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, आणि वर यकृतात शंभरेक ग्रॅम. रिकामी झालेली ही कोठी भरायला चांगलं जेवूनही जवळजवळ एक दिवस लागतो. आणि जो स्नायू उतरणीनं आंबलेला असतो, त्याची कोठी आणखी हळू भरते. तिसऱ्या दिवशी सहल का बसते, याचं उत्तर इथं आहे. पहिल्या दिवशी उत्साहात केलेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पूर्ण दुखायला लागते, आणि रात्री भरपेट जेवूनही मांडीत साखर पुरती पोचलेली नसते. माणूस म्हणतो, आज काय झालंय कळत नाही, पायच चालत नाहीत. ते आजचं नसतं, परवाचं असतं.

म्हणून पहिला दिवस अर्धाच ठेवा. हे माझं ठाम मत आहे आणि कुणीही कितीही आग्रह केला तरी मी ते बदलणार नाही. पहिल्या दिवशी दुपारी एकला बूट काढायचे, भले पाय म्हणोत अजून दम आहे.

खाण्याचा नियम आपल्या घरातलाच आहे: भूक लागायच्या आधी थोडं थोडं. दर तासाला गुळाचा एक खडा, दोन खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू. कोल्हापुरी गूळ इथं फार कामाचा आहे. तोंडात विरघळतो, पोटाला जड होत नाही, साखर लगेच मिळते. मात्र तो जॅकेटच्या बाहेरच्या खिशात ठेवू नका. पहिल्या वर्षी माझी शेंगदाण्याची चिक्की बाहेरच्या खिशात इतकी कडक झाली की दाताखाली फुटेना, हातमोजा काढून ती फोडण्याच्या नादात बोटं बधिर झाली. तेव्हापासून खाऊ आतल्या खिशात, छातीच्या उबेला. लाडू कागदात एकेक बांधून घ्या, मोज्याच्या हातानं सोडता येईल असे.

दुपारचं जेवण हलकं आणि लवकर, साडेअकरा-बाराला. डाळ-भात, राजमा-भात, सूप आणि ब्रेड, एवढं पुरे. आपला माणूस मटण दिसलं की थांबत नाही, हे मी आपुलकीनंच म्हणतो. पण दुपारी रिस्ता-गोश्ताबा पोटभर खाऊन पुन्हा उतारावर गेलात तर अंगात सुस्ती येणार, आणि ती येणार नेमकी दिवसाच्या सर्वांत धोक्याच्या वेळी. वाझवान, म्हणजे काश्मिरी मटणाची मेजवानी, रात्रीसाठी ठेवा, आणि तेव्हाही भात भरपूर घ्या, कारण कोठी भातानं भरते. मटण दुरुस्तीच्या कामाला लागतं. दोन्ही हवं.

पाण्याबाबत सगळेच फसतात. थंडीत तहान लागत नाही, पण पाणी जात असतंच. कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर वाफ बाहेर पडते, जाड कपड्यांच्या आत घाम येतो, आणि थंडी व उंची या दोन्हींमुळे लघवीही जास्त होते. बुटा-कपड्यांचा खटाटोप नको म्हणून लोक मुद्दाम कमी पितात. मग दुपारी डोकं दुखतं आणि ते उंचीमुळे की पाण्याअभावी, हे कळत नाही. छोटा थर्मास पाठीवर ठेवा, कोमट पाणी तासातासाला चार घोट घ्या. कहवा चांगला, नून चायमध्ये तर मीठही असतं. दारू मात्र उतारावर नको आणि रात्रीही जपून. ‘दारूनं ऊब येते’ हे वाटणं खोटं आहे. कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, आणि त्याच वाटेनं अंगातली उष्णता बाहेर जाते.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच, २१ टक्के. पण गुलमर्गला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट असतो, आणि अफरवटच्या वरच्या स्थानकावर साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे प्रत्येक श्वासात तेवढं कमी मिळतं. कोल्हापूरहून निघून पुण्या-मुंबईहून विमान धरलं तर एका दिवसात आपण साडेपाचशे मीटरवरून अडीच हजाराच्या वर झोपायला जातो. शरीराला हे पटायला दोन-तीन दिवस लागतात. जमलं तर पहिली रात्र श्रीनगरला काढा, ते सुमारे १६०० मीटरवर आहे. गुलमर्गला पोचल्यावर डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, चक्कर, झोप न लागणं, असं काही दिसलं तर त्या दिवशी बूट घालायचे नाहीत आणि आणखी वर तर जायचंच नाही. बसल्याजागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर वाट न बघता खाली टंगमर्गकडे आणि डॉक्टरकडे न्यायचं. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाब, हृदय, दमा असं काही असेल तर विचारल्याशिवाय निघूच नका.

झोपेचं थोडं वेगळं आहे. उंचावर पहिल्या रात्री श्वास मधेच थांबल्यासारखा होतो, मग दोन-चार खोल श्वास येतात आणि माणूस दचकून जागा होतो. बहुतेक वेळा हे त्या उंचीचं नेहमीचं लक्षण असतं, दोन-तीन रात्रींत कमी होतं. झोप कच्ची होणारच, म्हणून पलंगावर जायची वेळ लवकरची ठेवा, नऊ-साडेनऊ. आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा: खोलीत बुखारी (खोली तापवायची शेगडी) किंवा कांगडी (निखाऱ्यांचं मडकं) पेटती ठेवून दारं-खिडक्या गच्च बंद करून झोपू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो. झोपण्याआधी कांगडी खोलीबाहेर, बुखारी विझवलेली, आणि खिडकीला बोटभर फट. अंगावर एक रजई जास्त घ्या.

आता त्या पहिल्या वर्षाच्या दुपारबद्दल सांगायलाच हवं. तिसरा दिवस, साडेतीन वाजून गेलेले. सूर्य डोंगराआड गेला होता आणि उतारावर सावली पसरली होती. सावलीत बर्फाचे उंचवटे दिसत नाहीत, सगळं एकसारखं करडं दिसतं. दिवसभर लोकांनी उतरून उतरून बर्फ खणला गेला होता, उन्हानं मऊ झालेला भाग पुन्हा कडक होत होता. आमचा एक मित्र अर्ध्या तासापासून फक्त डावीकडं नीट वळत होता. उजवीकडं वळताना दर वेळी मागं बसत होता. दोनदा पडला, दुसऱ्यांदा उठायला त्याला बराच वेळ लागला. मग म्हणाला, ‘एक शेवटची मारूया रे, तिकीट वसूल होईल.’ आम्हीही हो म्हणालो, याचं मला आजही वाईट वाटतं. तो पडला तेव्हा वेग काहीच नव्हता. स्कीचं टोक मऊ बर्फात रुतलं, अंग वळलं, गुडघा आत मुरडला. जोरात पडलं तर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, सुटून बूट मोकळा होतो. हळू पडताना कधी कधी ते सुटत नाही, आणि सगळा पीळ गुडघ्याला जातो. आतल्या बाजूचं लिगामेंट दुखावलं. उरलेले दिवस तो खिडकीतून बर्फ बघत बसला, आणि कोल्हापूरला आल्यावर दीड महिना पट्टा लावून फिरत होता.

नंतर विचार केला तेव्हा दिसलं की सगळ्या खुणा समोर होत्या. एका बाजूचं वळण बिघडणं, मागे बसणं, लागोपाठ दोनदा पडणं, उठायला वेळ लागणं. यातलं एक जरी दिसलं तरी दिवस संपला असं मानायचं. थकवा आधी मांडीत जाणवतो खरा, पण नुकसान करतो तो डोक्यातून: नजर जवळच खिळते, निर्णय अर्ध्या सेकंदानं उशिरा होतो. स्कीइंगमध्ये सर्वांत जास्त इजा गुडघ्याला होते, आणि गुडघ्याला सांभाळणारा स्नायू म्हणजे हीच थकलेली मांडी.

त्यामुळे दुसऱ्या वर्षी आम्ही दिवस असे बांधले. नवीन शिकायचं ते सकाळी साडेदहा-अकराच्या आत. दुपारी फक्त येत असलेल्या सोप्या उतारावर. अडीचला, कितीही ऊन असलं तरी, स्की खांद्यावर. पहिला दिवस अर्धा, दुसरा पूर्ण, तिसऱ्या दिवशी सकाळी दोन तास आणि मग सपाटीवर फेरफटका, कारण आंबलेल्या पायांना पलंगापेक्षा हलकं चालणं मानवतं. चौथ्या दिवशी सकाळी पहिल्याच फेरीत पायाखाली बर्फ करकरला आणि मांड्यांनी कुरकुर केली नाही, तो आनंद मी विसरणार नाही. पाचवा आणि सहावा दिवस आमचे सर्वांत चांगले गेले. कोवळं ऊन, रात्रीत सारखा केलेला बर्फ, आणि वळण मागितलं की पाय देत होते.

तयारी मात्र कोल्हापुरातच होते. माझ्या गल्लीत राहणारे एक वस्ताद आहेत, साठी उलटलेली, पोरांना अजून मातीत घेतात. त्यांना सांगितलं, बर्फात घसरायला जातोय. ते म्हणाले, ‘मग बैठक वर येताना मोजू नगंस. खाली जाताना मोज. चार आकडं मोजून खाली जायाचं.’ पुढं म्हणाले, ‘आन् मारल्यावर झोपायचं. पोरं झोपत्यात म्हनून अंग भरतंय, नुसतं मारून न्हाई भरत.’ विज्ञानही हेच सांगतं. ताणाखाली लांब होण्याचं काम स्नायूला आधी थोडं करायला लावलं की पुढच्या वेळी तेवढ्याच कामानं इजा खूप कमी होते, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. आठवड्यातून दोन-तीनदा सावकाश बैठका, भिंतीला टेकून बसणं, आणि रविवारी जोतिबाचा डोंगर. चढून जा, दर्शन घ्या, आणि उतरताना घाई करू नका, गुडघे किंचित वाकवून, पाऊल न आपटता या. निदान सहा आठवडे हवेत.

शेवटची मोठी उतरण निघायच्या आठ-दहा दिवस आधी करा, त्यानंतर नाही. शेवटच्या आठवड्यात रंकाळ्याला चालायला जा, रात्री गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध प्या, लवकर झोपा. आणि सामान भरताना गूळ सुपारीएवढे खडे करून, डब्यात घालून घ्या. तिकडं मोज्यातल्या बोटांनी तो फुटत नाही.